पळताना गार, थांबली की गरम

महाळुंग्याच्या अलीकडे, संध्याकाळची पाळी सुटायच्या वेळी, माझी जीप उकळली. तळेगाव-चाकण रस्त्यावर त्या वेळी गाडी घालायची नसते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुढे कंटेनर, मागे कंपनीच्या बसगाड्या, दोन्ही अंगांनी घरी निघालेल्या मोटारसायकली. पाऊण तासात जेमतेम एक किलोमीटर सरकलो. काटा आधी लालच्या जवळ गेला, मग लालमध्ये, मग बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. कडेला घेतली. टपरीवाल्याने काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. पाण्याचा ड्रम कुठे आहे तेवढं बोटाने दाखवलं आणि चहा गाळत राहिला. त्याच्याकडे अशी गिऱ्हाइकं रोजची असावीत.

जीप १९९४ सालची, एमएम ५४०. प्यूजोच्या परवान्यावर महिंद्राने बनवलेलं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन तिच्यात आहे. नावातच माप: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. २११२ सीसी, कागदावर ६२ अश्वशक्ती. असली गाडी पळवायला कोणी घेत नाही. मी घेतली ती पावसाळ्यात मावळातला चिखल तुडवायला आणि उन्हाळ्यात भामा आसखेडच्या बाजूच्या कच्च्या वाटा धुंडाळायला. बायकोच्या मते गॅरेजवाल्यांशी गप्पा मारायला.

तासाभराने वाफ बसली. पाणी घातलं आणि टपरीवाल्याने सांगितलेल्या पत्र्याच्या शेडपर्यंत जीप रखडत नेली. बाहेर भिंतीला टेकवलेले दहा-बारा रेडिएटर, आत पाण्याचा सिमेंटचा हौद, गॅसची बत्ती, आणि साठीच्या पुढचे एक मिस्त्री. बोटांवर कथलाचे जुने चट्टे. त्यांचा भाचा त्या दिवशी सुट्टीवर होता आणि मामाकडे जेवायला आला होता. वय तिशीच्या आसपास, एमआयडीसीत रेडिएटर बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला. म्हणजे भाचा नवे कोरे रेडिएटर तपासून पाठवतो आणि त्यातले काही वर्षांनी फुटले की मामा हातात घेऊन त्यांना शिव्या घालतो. भांडण घरातलंच होतं. माझी जीप निमित्त झाली.

“रेडिएटर बदलायचा म्हणतोय,” मी म्हणालो. “कुठला घेऊ? तांब्याचा की अ‍ॅल्युमिनियमचा?”

“अ‍ॅल्युमिनियमचा,” भाचा म्हणाला.

“बदलायचा कशाला?” मिस्त्री म्हणाले.

दोघांनी एकाच वेळी.

भाच्याने जेवणाचे हात धुतले आणि डॉक्टरसारखे प्रश्न सुरू केले. “काका, उकळली कुठं? चढाला का गर्दीत?”

“गर्दीत.”

“याआधी?”

“दोन आठवड्यांपूर्वी आसखेडकडे लो गिअरमध्ये चढवत होतो, तेव्हा काटा वर गेला होता. थांबवली, बॉनेट उघडून अर्धा तास बसलो.”

“आणि हायवेला?”

“साठच्या स्पीडने मंचरपर्यंत गेलो तरी निम्म्यावर. खेडच्या जुन्या घाटात जरा सरकला होता.”

“मग निदान झालं. पळताना गार आणि थांबली की गरम, हा वाऱ्याचा दोष. पळतानाही गरम, हा पाण्याचा दोष. तुमच्याकडे दोन्ही आहेत, पण पहिला जास्त.”

“वारा कुठं पळून चाललाय?” मिस्त्री म्हणाले. “आधी पाणी बघ.” त्यांनी रेडिएटरच्या जाळीवर पंजा टेकवला आणि वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवला. इंजिन बंद होतं, पण जाळी अजून कोमट होती. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात हात थांबला. “इथं हात लावा. गार लागतंय? इथपर्यंत पाणी येतच नाय.”

खरंच गार होतं. वीतभर जागा.

पुढचा अर्धा तास मी जे पाहिलं ते जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने एकदा पाहावं. त्यांनी रेडिएटर उतरवला, लाकडी घोडीवर आडवा ठेवला आणि बत्तीची निळी ज्योत वरच्या पितळी टाकीच्या कडेने फिरवायला सुरुवात केली. झाळ चकाकली, मग पातळ झाली, थेंब थेंब ओघळली. दोन पकडींनी टाकी हळूच उचलली. खाली चपट्या नळ्यांची तोंडं रांगेने उघडी पडली. नव्या रेडिएटरमध्ये ती फुंकणीसारखी मोकळी असतात. माझ्याकडे निम्म्या तोंडांवर करडा-तांबूस थर होता, चुन्याच्या पाण्याने भरलेल्या बोअरच्या मोटरीवर बसतो तसा. मिस्त्रींनी लोखंडाची पातळ पट्टी एका नळीत घातली. चार बोटं गेली आणि अडकली. बाजूच्या नळीत गेलीच नाही.

“पाणी कुठलं घालता?”

“असेल ते. बोअरचं.”

“कुलंट?”

मी जाळीकडे पाहत राहिलो.

“कुलंट बर्फाच्या देशातल्यांसाठी असतं, असं वाटतं लोकांना,” भाचा म्हणाला. “आपल्याकडे त्याचं काम बर्फ टाळायचं नाही, गंज टाळायचं. आणि बोअरचं पाणी तापलं की त्यातला क्षार सगळ्यात गरम जागी बसतो. तुम्हाला इथं नळ्यांत दिसतोय, पण हाच थर इंजिनच्या आत हेडमध्येही असणार. तिथं पट्टी घालता येत नाही.”

इथवर दोघांचं एकमत होतं. कोर गेला होता. रॉडिंग करून, म्हणजे पट्ट्या फिरवून नळ्या साफ करून, वर्षभर ढकलता आलं असतं, पण खालच्या कडेला आधीच तीन ठिकाणी डाग मारलेले होते आणि फिन हात लावला की झडत होत्या. बदल करायचाच होता. त्याच टाक्या ठेवून नवा तांब्याचा कोर टाकायचा, की सगळा नवा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर बसवायचा, इथून पुढे रण पेटलं.

भाच्याने खिशातून पेन काढून पुठ्ठ्यावर आकडे मांडले. “मामा, तुम्ही तांबं तांबं करता. उष्णता वाहून न्यायला तांबं भारीच, आकडा चारशेच्या घरात. अ‍ॅल्युमिनियम सव्वादोनशेच्या वर. पण तुमच्या रेडिएटरमध्ये पाणी वाहतं ते तांब्यातून नाही, पितळेच्या नळीतून. पितळ शंभर-सव्वाशेवर. तांब्याची ती फक्त फिन. आणि नळी आणि फिन यांच्यामध्ये तुमची झाळ, ती तर आणखी मठ्ठ. आमच्याकडे नळी, फिन, सगळं एकाच धातूचं, भट्टीत एकत्र ब्रेझ होऊन निघतं. वर अ‍ॅल्युमिनियमची नळी रुंद करता येते. पितळेची रुंद केली की दाबाने फुगते. रुंद नळीच्या दोन रांगा तुमच्या अरुंद नळीच्या चार रांगांचं काम करतात. आणि वजनही कमी.”

“वजनाचं काय घेऊन बसलास? दीड टनाची गाडी हाय.”

“बरं, वजन सोडा.”

“फुटला तर?”

“आर्गन वेल्डिंग.”

“कुठं?”

“या रस्त्यावर दहा दुकानं आहेत.”

“या रस्त्यावर.” मिस्त्रींनी शब्द तोडून म्हटले. “ही गाडी या रस्त्यासाठी घेतलीय का? साहेब आसखेडच्या मागं चार डोंगर ओलांडून गेले, दगड उडून जाळीत घुसला. तिथं आर्गनवाला कोण? माझा रेडिएटर असला तर कुठल्याही तालुक्याच्या गावात झाळणारा मिळतो. तोपण नसला तर फुटलेली नळी पकडीनं दोन्हीकडून चिमटायची, वर एम-सील लावायचं, घरी यायचं. एक नळी कमी झाल्यानं गाडी मरत नाय.”

“आणि वरून हळद टाकायची,” भाचा हसत म्हणाला.

ट्रक ड्रायव्हरांची ही जुनी युक्ती आहे: बारीक गळती असली की रेडिएटरमध्ये मूठभर हळद. ती फुगते आणि भोकात बसते. माझ्या वडिलांच्या काळात घाटात बंद पडलेल्या गाड्यांना हळद देणाऱ्या म्हाताऱ्या असायच्या म्हणे. मिस्त्री मात्र भडकले. “हळद मी कधी टाकली? हळदीनं भोक बुजतं तशा नळ्यापण बुजतात. माझ्याकडं पिवळे रेडिएटर येतात, त्यांच्या मालकांना मी आधी जेवण काय केलं ते विचारतो.”

माझं मत इथे सांगून टाकतो. आकड्यांत भाचा बरोबर होता आणि तरी मुद्दा मामाचा बळकट होता. रस्त्याबाहेर जाणाऱ्या गाडीसाठी सुट्या भागाचा पहिला गुण किती थंड करतो हा नसतो. बिघडल्यावर कोण, कुठे आणि कशाने दुरुस्त करू शकेल, हा असतो. पण हे मी तेव्हा बोललो नाही, कारण भाच्याने विषय वाऱ्यावर नेला आणि तिथे मिस्त्री पहिल्यांदा अडखळले.

“काका, फॅन कव्हर कुठं आहे?”

पंखा उघडाच होता. पट्ट्यावर फिरणारा साधा पंखा, आणि त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये चार बोटं मोकळी जागा. त्याच्याभोवती जे पत्र्याचं गोल कव्हर असायला हवं, ते नव्हतं.

“मी घेतली तेव्हा होतं बहुतेक. वॉटर पंप बदलला तेव्हा मेकॅनिकने काढलं असेल.”

“काढतात आणि परत लावत नाहीत, कारण कव्हर असलं की पुढच्या वेळी पट्टा बदलायला हात जात नाही. कव्हरशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा खेचत नाही. स्वतःच्याच बाजूची गरम हवा घोळवत बसतो. पळताना समोरून वारा येतो म्हणून चालून जातं. गर्दीत आणि लो गिअरमध्ये समोरून काहीच येत नाही, सगळं पंख्यावर.” त्याने हाताने रस्त्याकडे दाखवलं, जिथे अजून कंटेनर तसेच उभे होते. “रेडिएटरला ही गर्दी आणि तुमचा आसखेडचा चढ सारखाच. इंजिन कामात, वारा शून्य.”

मग त्याने जी गोष्ट सांगितली ती मला नवी होती. विसाव्या शतकाच्या अगदी उंबरठ्यावर, १९०० साली, विल्हेल्म मायबाख नावाच्या इंजिनिअरने एका नव्या ३५ अश्वशक्तीच्या मोटारीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. सहा बाय सहा मिलिमीटरच्या ८०७० चौकोनी नळ्या, त्यांतून वारा जायचा. आधीच्या गाड्यांना जेवढं पाणी लागे त्याच्या निम्म्यात, नऊ लिटरमध्ये, काम भागलं. आणि हळू चालताना थंडावा कमी पडू नये म्हणून जाळीच्या मागे पंखा. ती गाडी ज्याने बनवून घेतली त्याच्या मुलीचं नाव मर्सिडीज. “तिचा कारखाना इथं पलीकडं आहे की,” भाचा म्हणाला. मर्सिडीज २००९ साली पिंपरीतून चाकणला आली, तेव्हापासून हा पट्टा त्या मायबाखच्या पोळ्याचा शेजारी आहे, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

“म्हणजे पंखा त्यानेच लावला,” मिस्त्री म्हणाले. जाळीपेक्षा त्यांना ते आवडलं.

“लावला. आणि तुम्ही लोकांना सांगता, गाडी तापते का, चार लायनीचा कोर टाका.”

आता मिस्त्रींच्या नाकाला झोंबलं. चार लायनीचा कोर हे त्यांचं हुकमी औषध. तीस वर्षं दिलेलं. गिऱ्हाइकांनाही ते पटतं, कारण जास्त म्हणजे चांगलं, हे कोणाला समजावावं लागत नाही.

“चार लायनीनं पाणी जास्त बसतं.”

“जास्त पाणी बसलं की गाडी उशिरा उकळते, उकळायची थांबत नाही. मामा, वारा पहिल्या रांगेतून गेला की तापला. दुसरीला कोमट, तिसरीला गरम, चौथीला भट्टीची फुंकर. आणि कोर जाड झाला की या पंख्याला त्यातून हवा खेचता येत नाही. हायवेला जाणाऱ्या ट्रकला चार लायनी ठीक. चिखलात दहाच्या स्पीडने चालणाऱ्या जीपला तीन बास. फिनपण दाट नको. इंचाला चौदा घातल्या की चिखल आणि गवताची कुसळं आत जाऊन बसतात, मग पाण्याचा फवारा मारून निघत नाहीत, फिनच वाकतात.”

मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दहाची देतो. दहाची माझ्याकडं हाय.”

एवढं मान्य करणं त्यांना सोपं नव्हतं. त्यांनी लगेच उलट हल्ला केला. “आणि तुझ्या अ‍ॅल्युमिनियमला अर्थिंगचं दुखणं, ते सांग ना साहेबांना.”

भाच्याने ते लपवलं नाही. जुन्या जीपची वायरिंग ही वेगळीच जत्रा असते. कोणीतरी हॉर्न लावलेला, कोणीतरी फॉग लाइट, कोणीतरी छतावरची लाइटबार, आणि प्रत्येकाने जवळ दिसेल त्या बोल्टला निगेटिव्ह कसलेली. बॉडीची अर्थ सैल असली की विजेचा थोडा प्रवाह कुलंटमधून वाट काढतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला आतून टाचणीएवढी भोकं पाडतो. तांबं-पितळही त्यातून पूर्ण सुटत नाही, पण अ‍ॅल्युमिनियम लवकर हार मानतं. त्याने तपासायची रीत सांगितली: मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरीचं टोक रेडिएटरच्या तोंडातून कुलंटमध्ये बुडवायचं, धातूला न टेकवता. एकेक दिवा, पंखा, हॉर्न लावत जायचं. आकडा दशांश एक-दोन व्होल्टच्या वर उडाला की त्या वस्तूची अर्थ चुकीच्या ठिकाणी आहे. रेडिएटर परत बसवल्यावर आम्ही ते करून पाहिलं. लाइटबार लावल्याबरोबर आकडा उडाला. ती लाइटबार मीच बसवून घेतली होती, आणि तिचा खोका अजून घरी जपून ठेवलेला आहे.

“आणि बसणी?” मिस्त्री पुढे सरसावले होते. “बाजारातला तयार अ‍ॅल्युमिनियमचा आणला, तर खालच्या पाइपाचं तोंड भलतीकडं, कान जुळत नाय, पंखा आणि जाळीत बोटभर जागा उरत नाय. मग हे लोक कान कापतात, पट्ट्या वेल्ड करतात, घट्ट नट कसतात. जीप एका चाकानं खड्ड्यात आणि दुसऱ्यानं दगडावर उभी राहिली की चेसी पिळते. घट्ट कसलेला रेडिएटर तिच्याबरोबर पिळतो आणि कोपऱ्यात फाटतो. रबर पाहिजे खाली. हलला पाहिजे.”

“हे शंभर टक्के,” भाचा म्हणाला. “कंपनीतपण आम्ही हेच सांगतो. रेडिएटर टांगलेला असावा, जखडलेला नको.”

झाकणावरून पुन्हा जुंपली. माझ्या मनात होतं, जास्त दाबाचं झाकण लावलं तर प्रश्नच मिटेल. आपल्याकडे, समुद्रसपाटीपासून सहाएकशे मीटरवर, साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने दाबलेल्या प्रत्येक पौंडाला उकळबिंदू दीडेक अंश वर जातो. सात पौंडांचं झाकण दहा अंश देतं, तेरा पौंडांचं वीस. मोह होण्यासारखं गणित आहे. मिस्त्रींनी ते एका वाक्यात मोडलं: “दाब वाढवला की साखळीतला सगळ्यात कच्चा सांधा सापडतो, आणि तो तुमच्याकडं तीस वर्षं जुना हाय.” भाच्याने दुजोरा दिला. झाकण गाडीला जे दिलंय तेच, फक्त रबर आणि स्प्रिंग शाबूत असलेलं. माझ्या झाकणाचं रबर बिस्किटासारखं तुटलं.

थर्मोस्टॅटवर मात्र मामा हरले. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायचा, हा आपल्याकडचा रूढ इलाज. मिस्त्रीही करतात. माझ्या जीपचाही काढलेला निघाला. भाच्याने सांगितलं की थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडतो आणि त्यानंतर तो वाटेत नसल्यासारखाच असतो, त्यामुळे तापलेल्या गाडीला तो काढून काही मिळत नाही. उलट काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तोच नसला की गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनमध्येच फिरतो. आणि सकाळी इंजिन लवकर तापत नाही, धूर जास्त, झीज जास्त. “मामा, तुम्ही ताप आला म्हणून थर्मामीटर फोडता,” तो म्हणाला. मिस्त्रींनी तोंड वाकडं केलं, पण नवा थर्मोस्टॅट कुठे मिळेल तेही त्यांनीच सांगितलं: पुण्यात, नाना पेठेत.

मी मध्ये एक भाबडा प्रश्न विचारला: एवढ्याशा ६२ घोड्यांच्या इंजिनला इतकी उष्णता येते कुठून? भाच्याच्या मते ढोबळ हिशेब असा की जाळलेल्या डिझेलचा तिसरा हिस्सा चाकाला, तिसरा सायलेन्सरमधून हवेत, तिसरा पाण्याला. म्हणजे इंजिन पूर्ण जोरात असताना चाकाला जेवढी ताकद मिळते तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर टाकायची असते, पंचेचाळीस किलोवॉटच्या आसपास. घरातला गिझर दोन किलोवॉटचा धरला तर वीस-बावीस गिझर. त्यात हे जुनं प्यूजो डिझेल इनडायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे ज्वाला आधी छोट्या कोठडीत पेटते आणि मग सिलिंडरमध्ये येते. या रचनेत भिंतींना जास्त उष्णता मिळते. नंतरच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांना हा त्रास कमी. तेव्हापासून बॉनेटकडे पाहताना मला आत ओळीने लावलेले गिझर दिसतात.

निर्णयाची वेळ आली तेव्हा भाचा पुन्हा एकदा अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूने बोलला, आणि या वेळी त्याचा मुद्दा धातूचा नव्हता. शेडमध्ये खिळ्याला एक मास्क टांगलेला होता, कोरा, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यानेच मामाला आणून दिलेला. झाळेत कथलाबरोबर शिसं असतं आणि बत्तीखाली वाकून तीस वर्षं त्याचा धूर खाल्ला की तो कुठेतरी साठतोच. जगातल्या कारखान्यांनी तांब्या-पितळेचा रेडिएटर सोडला त्यात वजन आणि तांब्याचा भाव ही कारणं होतीच, पण शिसं हेही होतं. “लोकांनी अ‍ॅल्युमिनियम घेतलं तर मामा धूर खायचे थांबतील,” तो म्हणाला.

“आणि भाकर खायचेपण,” मिस्त्री म्हणाले.

यावर मला काही उत्तर नव्हतं, आताही नाही. पण जीप माझी होती आणि ठरवणं भाग होतं. मी जुन्या टाक्यांवर तीन लायनीचा, दहा फिनचा तांब्याचा कोर टाकायला सांगितला. कारण साधं होतं. टाक्या मूळच्या, कान मूळचे, पाइपांची तोंडं मूळ जागी, म्हणून काही कापाकापी नाही. आणि मी जातो तिथे झाळणारा मिळतो. मिस्त्रींनी मास्क लावून काम करावं अशी अट घातली. त्यांनी लावला, गळ्यात. भाच्याने पाहिलं की नाकावर, भाचा वळला की गळ्यात.

अ‍ॅल्युमिनियम वाईट असं यातून कोणी समजू नये. ज्या गाडीला कारखान्यातूनच अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आला आहे, तिला तोच, तिच्या मापाचा घ्यावा. तिचा पंखा, झाकण, दाब सगळं त्याच हिशेबाने जुळवलेलं असतं, आणि अशा नव्या गाडीत तांब्याचा हट्ट धरणं हा उगाच मामेपणा. जुन्या जीपलाही शहरातच फिरवायची असेल, अर्थिंग तपासून घेतली असेल आणि मापात बसणारा मिळत असेल, तर भाच्याचं ऐकायला हरकत नाही. फक्त तांब्याचा म्हणून विकला जाणारा स्वस्त कोर घेण्याआधी फिन नखाने दाबून पाहा. कागदासारखी दुमडली तर तांबं नावापुरतंच आहे.

दोन दिवसांनी कोर तयार झाला. मिस्त्रींनी तोंडं बुचांनी बंद केली, हवेचा पाइप लावला आणि रेडिएटर हौदात बुडवला. आम्ही तिघेही हौदाच्या कठड्यावर वाकून बुडबुड्याची वाट पाहत होतो. एकही आला नाही. थर्मोस्टॅट नाना पेठेतून आणला, झाकण नवं, लाइटबारची निगेटिव्ह थेट बॅटरीला. इंजिनमधलं पाणी तीनदा साफ निघेपर्यंत काढलं आणि मग कुलंट, तेही डिस्टिल्ड पाण्यात. फॅन कव्हर मात्र बाजारात मिळेना. मिस्त्री पत्र्याचं बनवून द्यायला तयार होते, पण पंख्याची पाती निम्मी कव्हरच्या आत आणि निम्मी बाहेर बसायला हवीत आणि कडेला सगळीकडे सारखी बोटभर फट हवी, म्हणून भाचा मूळचंच शोधा म्हणून अडून बसला.

ते मला घरी सापडलं. माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलामागे, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. वॉटर पंप बदलला तेव्हा मेकॅनिकने ते माझ्याच हातात दिलं होतं आणि मीच जपून ठेवलं होतं.

गेल्या आठवड्यात त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, पुन्हा अडकलो. तासभर. काटा निम्म्याच्या जरा वर गेला आणि तिथेच थांबला.

नवा रेडिएटर घ्यायला निघण्याआधी एकदा घराचा माळा बघा.